कपच्या आधी

फाटकाची कडी काढताना स्तोयनाच्या बोटांना काहीतरी गार, ओलसर लागलं. पाहते तर वाळुंजाची डहाळी. कोवळी, नुकती तोडलेली, कडीच्या वर सुतळीचे फेरे देऊन नीट बांधलेली. पावाची पिशवी हातात तशीच धरून ती उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर आधी तिला बरंच वाटलं. त्या हिरव्या, किंचित कडवट वासाने तिला उचलून थेट मॅसेडोनियातल्या गावच्या ओढ्याकाठी नेऊन ठेवलं. संत ज्युर्जाच्या सणाची सकाळ, पोरींच्या कमरेला वाळुंजाचे पट्टे, दारादारावर डहाळ्या, आणि आई त्याच डहाळीने पोटऱ्यांवर हलकेच मारत म्हणतेय, वाढा गं, वाढा. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून हिचं नावच मुळी ‘थांब’ या अर्थाचं ठेवलेलं. त्यामुळे आईचा फटका इतर पोरींपेक्षा हिला एक जास्तच मिळायचा. मग रस्त्यावरून शाळेची बस गेली, समोरच्या घरातल्या कुत्र्याने नेहमीसारखा तिच्यावर राग काढला, आणि तिच्या ध्यानात आलं की हे ऑस्ट्रेलियातलं क्वीनबिअन आहे, ऑक्टोबर चालू आहे, आणि संत ज्युर्जाचा सण येतो मे महिन्यात. गावाकडे मे म्हणजे वसंत. इथे मे म्हणजे लाकडं फोडून शेगडीशेजारी रचायचे दिवस, नदीकाठच्या वाळुंजांची पानं पिवळी पडून गळायचे दिवस. इतकी वर्षं या घरात काढली, पण या फाटकावर कधी कुणी डहाळी बांधली नव्हती.

घराच्या कडेच्या बोळातून मागे जाताना तिने मनाशी कारणं जुळवायला सुरुवात केली. पोरांनी बांधली असेल. नाहीतर नवराच नदीवर फिरायला गेला असेल आणि सहज आणली असेल. माणसाला आठवण येते, त्यात काय एवढं. पण मागच्या पायरीपाशी थर्माकोलची खोकी एकात एक घालून रचलेली दिसली, रिकामी. ऑगस्टपासून ती खोकी रोज सकाळी उन्हात आणि रोज संध्याकाळी आत, अशी तान्ह्या पोरासारखी उचलून झाली होती. आता त्यांतली सगळीच्या सगळी मिरचीची रोपं वाफ्यात होती. ओळी सरळ, दोरी लावून आखल्यासारख्या, प्रत्येक बुंध्याभोवती पाण्याचं आळं. काम इतकं देखणं झालं होतं की तिला रडू यायला लागलं. तिचा नवरा त्रायान गुडघ्यांवर माती घेऊन वाफ्याच्या टोकाला उभा होता आणि तिच्याकडे पाहून हसत होता.

“आलीस? बघ, सगळी झाली. एकट्याने केली, कुणाची मदत नाही.”

“त्रायान, अरे ही...”

“काय ही? माती बघ हात लावून. भट्टीतून काढलेल्या पावासारखी आहे.”

“पण कप कुठे झालाय अजून?”

“कसला कप?” त्याने हात झटकले. “संत ज्युर्ज होऊन गेला, आता कसलं हिव आणि कसलं काय. तुझ्या बापाने परवाच लावली. मी बघून आलो ना.”

तिचा बाप जाऊन किती वर्षं झाली होती, आणि त्याला मातीदेखील त्या दुसऱ्या गोलार्धात दिली होती. बोलायचं जिभेवर आलं होतं ते तिने गिळलं आणि म्हणाली, “छान झालीत.” मग वर बघितलं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, एक ढग औषधाला नव्हता, आणि दुपारभर पत्र्याशी झोंबत असलेला वारा पडायला लागला होता. पलीकडे डोंगरांच्या माथ्यावर बर्फाची एक पातळ रेघ अजून शिल्लक होती. सकाळी रेडिओवरची बाई दुकानात विकायला ठेवल्यासारख्या आवाजात सांगत होती की उद्या पहाटे पारा शून्याच्या खाली जाईल, बागवाल्यांनी काळजी घ्यावी. तेव्हा स्तोयना हसली होती. आपल्याला कशाची काळजी, आपली रोपं खोक्यात आहेत.

कप म्हणजे मेलबर्नची घोड्यांची शर्यत. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी सगळा देश काम टाकून ती ऐकतो. त्रायानने आयुष्यात कधी घोड्यावर पैसा लावला नाही. घोडा म्हणजे नांगराला जुंपायची वस्तू, त्याला पळवून बघत बसायचं हे त्याला बाष्कळ वाटे. पण कपच्या दुपारी तो रेडिओ खिडकीत आणून ठेवायचा, फावडं हातात घेऊन वाफ्याशी उभा राहायचा, आणि शर्यत संपून तो किंचाळणारा निवेदक गप्प झाला रे झाला की पहिलं रोप जमिनीत. कोणता घोडा जिंकला हे त्याला संध्याकाळी विचारलं तर सांगता येत नसे. हा नियम त्याला शिकवला शेजारच्या नेव्हिलने, पहिल्याच वर्षी. तेव्हा ही दोघं नवीन होती, ऑक्टोबरचं ऊन पाहून हुरळली होती, सगळी मिरची लावून मोकळी झाली होती, आणि एका सकाळी वाफाभर नुसत्या काळ्या चिंध्या लोंबत होत्या. नेव्हिल कुंपणावरून पोट धरून हसला होता आणि म्हणाला होता, कपच्या आधी लावायची नसतात रे बाबा. त्या दिवसापासून त्रायान या नियमाचा नेव्हिलपेक्षाही कडवा भक्त झाला. पुढे एका वर्षी नेव्हिलनेच घाई केली आणि टोमॅटो घालवले. त्यावरून त्रायानने त्याला पुढली सगळी वर्षं जो छळला आहे त्याला तोड नाही. क्लबात, चर्चच्या अंगणात, मासे आणायला गेलं तरी. “हा बघा, कपच्या आधीवाला.” या घरात देव एक वेळ चुकला असता, पण कपच्या आधी मिरची जमिनीत गेली नसती. ल्युपचोला, त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, बाराखडीच्या आधी हे पाठ होतं.

आणि ल्युपचो उद्या सकाळी येणार होता. कॅनबेराच्या ज्या सरकारी इमारतीचा पाया त्रायानने काँक्रीट ओतून भरला होता त्याच इमारतीत तो आता खुर्चीवर बसायचा, तिथे त्याला सगळे लू म्हणत. चांगला मुलगा होता, वाईट म्हणायला जागा नव्हती. पण हिवाळ्यात त्रायान गाडी घेऊन बाहेर पडला आणि एका गोल चौकात शिरला तो बाहेरच पडेना. घाण्याच्या बैलासारखा फिरतच राहिला. शेवटी कुणीतरी गाडी आडवी घालून थांबवला. तेव्हापासून ल्युपचोचा आवाज बदलला होता. बापाशी बोलताना तो हळू, मोठ्याने, शब्दाशब्दांत जागा सोडून बोलायचा. उद्या तो बापाला स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नेणार होता, नुसतं दाखवायला म्हणून, आणि मागच्या खेपेला जाताना फाटकात थांबून म्हणाला होता, “आई, आणखी एक काही असं झालं ना, की मग आपल्याला घराचं बोलावंच लागेल. मी डोळे मिटून बसू शकत नाही.” घराचं म्हणजे हे घर विकण्याचं, आणि त्रायानला इस्पितळामागच्या त्या दुसऱ्या घरात ठेवण्याचं, जिथे सगळ्या खुर्च्या एकाच रंगाच्या आहेत आणि खिडकीबाहेर नुसतं डांबर. स्तोयनाने तेव्हापासून पुष्कळ काही पोटात घातलं होतं. फ्रिजमध्ये सापडलेले जोडे तिने मुकाट्याने जागेवर ठेवले होते. पण वाफ्यातली मिरची कुठे ठेवणार? ती हिरवी राहिली तर ल्युपचो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून न बघितल्यासारखा करील. त्याचं आजकाल मातीकडे लक्ष नसतं. काळी पडली तर आंधळ्यालाही दिसेल. आणि त्रायानला दिसेल. त्याला काय दिसेल, त्या काळ्या चिंध्यांकडे बघून त्याला स्वतःविषयी काय कळेल, इथवर तिचा विचार यायचा आणि पाय मागे घ्यायचा.

उपटून परत खोक्यात लावावी म्हटलं तर नुकती बसलेली मुळं तुटणार. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला सांगावं लागणार की तू काय केलंस. तो कौतुकाने पुन्हा पुन्हा खिडकीशी येऊन बघत होता. तेव्हा रोपं झाकणं भाग होतं. ती आत गेली आणि चादरी काढायला लागली. आधी जुन्या, विरलेल्या. मग चांगल्या. मग पाहुण्यांच्या. ऊन कुंपणाच्या पाट्यांवर चढत चाललं होतं, जमिनीवरची सावली पायांना बोचण्याइतकी गार झाली होती, आणि तिला प्रत्येक गोष्टीला फार वेळ लागत होता. काठ्या रोवायच्या, चादर ताणायची, कडेला विटा ठेवायच्या. वाकलं की कंबर ओरडायची. बागेचा उतार कुंपणाकडे होता आणि थंडी पाण्यासारखी उतारालाच जाऊन साठते, त्यामुळे खालच्या कोपऱ्यातली रोपं सगळ्यात आधी जाणार हे तिला माहीत होतं. चादरी तिथवर पोचल्याच नाहीत. तेव्हा ती पेटीतून लोकरीचं जाड पांघरूण घेऊन आली, आईने मागावर विणलेलं, लग्नात आलेलं, लाल, अजून मेंढीचा वास येणारं. ते तिने मातीत अंथरायच्या आधी एकदा नाकाशी धरलं. ल्युपचो याच पांघरुणात गोवराच्या तापात पडला होता. तेव्हा त्रायान रात्रपाळीवरून आल्यावर बूटही न काढता खाटेशी बसायचा आणि म्हणायचा, झोप तू, मी आहे. तो होता म्हणूनच तिला या परक्या मुलखात झोप लागायची. आता तो आत टीव्हीपुढे बसला होता आणि ती बाहेर होती, इतकंच.

कुंपणावर नेव्हिलचं डोकं उगवलं.

“काय गं स्टेला, भुतांची शाळा भरवलीस की काय?” तो तिला पहिल्या दिवसापासून स्टेलाच म्हणत आला होता, आणि त्रायानला टॉम.

“चादरींना हवा देतेय.”

“आत्ता? हिव पडायच्या बेतात?”

नेव्हिलने वाफ्याकडे पाहिलं, रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हिशोब जुळताना तिला दिसला. आता हा बोलणार. इतकी वर्षं टोमणे खाल्लेत, आता व्याजासकट परत करणार, आणि उद्या ल्युपचोच्या गाडीचा आवाज आला की याच कुंपणावरून ओरडून सांगणार.

“टॉम कुठाय?”

“आत. टीव्ही बघतोय.”

“बरं.” डोकं गेलं. पलीकडे छपरीत काहीतरी धडपडल्याचे आवाज झाले, आणि मग कुंपणावरून एकेक करून बादल्या यायला लागल्या, आइस्क्रीमचे मोठे डबे, फाटकी ताडपत्री. “खालच्या कोपऱ्याला बादल्या पालथ्या घाल. आणि कापड पानाला टेकू देऊ नकोस, टेकलं तिथे करपतं.”

“मला माहितेय.”

“माहितेय गं तुला. तोंडाला काहीतरी काम हवं ना.” तो जरा वेळ कुंपणावर हात ठेवून उभा राहिला. “मी काही बघितलं नाही हं, स्टेला.”

तो हसला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चिडवणं संपलं म्हणजे माणूस संपत आला. त्रायानला आता नेव्हिलसुद्धा चिडवणार नाही.

जेवताना त्याने घेवडा चवीने खाल्ला, पावाने ताटली पुसून पुसून घेतली. खिडकीबाहेर उरल्यासुरल्या उजेडात चादरींचे पांढरे उंचवटे दिसत होते. “कपडे बाहेर राहिलेत तुझे,” तो म्हणाला. “राहू देत, उद्या काढते.” “ओले होतील गं दवाने.” “होऊ देत म्हटलं ना!” आवाज नको इतका चढला. तो चमकला, चमचा खाली ठेवला, आणि लहान मुलासारखं विचारलं, “रागावलीस का?” तिने त्याच्या हातावर हात ठेवला. नखांत माती होती. हे हात सगळं बरोबर करतात, ओळी, आळी, अंतरं. फक्त कोणत्या वर्षात आणि कोणत्या देशात एवढंच त्यांना कुणीतरी सांगायला हवं. ते आपण सांगू, तिच्या मनात आलं. रोज सकाळी सांगू. त्यात काय कठीण आहे. पण आज आपण दुकानात गेलो तेवढा वेळ त्याला पुरला.

अंथरुणात ती डोळ्यांत तेल घालून पडली होती. पत्रा गारठ्याने तडतडत होता. उजाडायच्या आधी उठायचं, पांघरुणं काढायची, घडी घालून पेटीत टाकायची, ल्युपचोला पुढच्या खोलीतच कॉफी द्यायची, मागे येऊ द्यायचंच नाही. हे सगळं तिने इतक्या वेळा घोकलं की घोकता घोकताच डोळा लागला. जाग आली तेव्हा छतावर राखाडी उजेड होता. शेजारची जागा तिने हाताने चाचपली. गार होती.

ती अनवाणीच धावली. मागच्या दारात पाऊल टाकलं तर गवत पायाखाली काचेसारखं मोडलं. सगळं पांढरं होतं. कपडे वाळत घालायची तार, नळ, खोकी, बाकाची फळी. आणि त्या फळीवर चादरी होत्या, एकीवर एक, कडेला कड लावून घड्या घातलेल्या, अगदी ती घालते तशा. सगळ्यात वर आईचं लाल पांघरूण. बादल्या कुंपणाशी ओळीत लावलेल्या. वाफा उघडा होता आणि पानापानावर पिठासारखा पांढरा थर होता. त्याने तिचे बाहेर राहिलेले कपडे काढून ठेवले होते. ती रागावू नये म्हणून.

मग तिला पाण्याचा आवाज आला. त्रायान पायजम्यावर, डोक्यावर लोकरी टोपी, नळी हातात घेऊन खालच्या कोपऱ्यात उभा होता आणि अंगठ्याने धार फोडून रोपांवर बारीक तुषार सोडत होता. पाणी पडलं की पांढरा थर विरघळायचा आणि खालून हिरवं निघायचं.

“नुसती उभी काय राहिलीस?” तो खेकसला. हा त्याचा जुना आवाज होता, बांधकामावरचा. “बादली घे, वरची ओळ धर. ऊन लागायच्या आत धुवायला हवं. हिव मारत नाही, हिवावर पडलेलं ऊन मारतं, किती वेळा सांगायचं?”

तिने बादली घेतली. पाण्याने बोटं आधी जळली आणि मग त्यांतली जाणीवच गेली. ती वरून येत होती, तो खालून. वरच्या कुंपणाच्या पाट्यांना उन्हाची पिवळी कड लागली होती आणि ती एकेक पाटी खाली उतरत होती. मधल्या ओळीशी दोघांची गाठ पडली तेव्हा त्याने नळी जरा वर धरली, वाफ्यावरून नजर फिरवली, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

“पण ही कुठल्या गाढवाने लावली कपच्या आधी?”

फाटक वाजलं होतं, हे तिला नंतर आठवलं. त्या क्षणी तिला दिसला तो बोळाच्या तोंडाशी उभा असलेला ल्युपचो, ऑफिसच्या बुटांत, वेळेच्या आधी आलेला, आणि त्याच्या हातात वाळुंजाची डहाळी. काल घाईत ती सोडायची राहूनच गेली होती. “फाटकाला हे काय बांधलंय?” तो म्हणत होता, पण त्याचे डोळे वाफ्यावर होते, मग बापाच्या पायजम्यावर, मग चादरींच्या घड्यांवर. त्याने सगळं वाचलं. त्याचा चेहरा कसा मिटत गेला ते तिला दिसलं. आता घराचं बोलणं निघणारच होतं.

“मी,” स्तोयना म्हणाली.

“काय मी?” ल्युपचोने विचारलं.

“रोपं मी लावली. डहाळीही मीच बांधली. संत ज्युर्ज झाला ना.”

त्रायानने तिच्याकडे पाहिलं. मग हसायला लागला, खांदे उडवत, पहिल्यासारखा. “ऐकलंस? पन्नास वर्षं घसा कोरडा केला मी या बाईपुढे! संत ज्युर्ज म्हणे! त्या नेव्हिलला कळलं तर मला गाव सोडावं लागेल.” कुंपणापलीकडे नेव्हिलची टोपी दिसली होती, ती खाली गेली. ल्युपचो हसला नाही. तो गवतावरून आईकडे आला, तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, अंगातलं जाकीट काढून तिच्या खांद्यावर घातलं, आणि खाली वाकून तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, “आई. आज आपल्याला. कुठे जायचंय. आठवतंय ना?”

तो आवाज. हळू, मोठा, जागा सोडून. आता तो तिच्यासाठी होता. तिला आधी राग आला, कानशिलं तापली, याला जन्म दिला तो वार आणि तो पाऊस सांगून दाखवावासा वाटला. मग तिला दिसलं की ल्युपचोचं बापाकडे लक्षच नाही. आणि डॉक्टरने तिला हवं ते विचारावं, हवं तितक्या वेळा बोलवावं, तिला सगळं येणार होतं. त्यांना काही सापडणार नव्हतं. शोधता शोधता उन्हाळा निघून जाणार होता, मिरच्या लाल होऊन अंगणात भाजून होणार होत्या. फक्त मुलाच्या डोळ्यांत आता हे जे भय होतं ते रोज बघावं लागणार होतं, आणि ते घालणारी आपण.

“चर्चला ना रे?” ती म्हणाली.

ल्युपचोने जाकीट तिच्या खांद्यांवर नीट ओढलं. “नाही आई. डॉक्टरकडे. बाबाला...” तो थांबला. “तुम्ही दोघंही चला. मी फोन करतो त्यांना. तू आत ये, पाय बघ कसे झालेत.” तो वळला आणि घाईघाईने पायऱ्या चढून आत गेला. डहाळी अजून त्याच्या हातातच होती.

मागे नुसता पाण्याचा आवाज राहिला. पिवळी कड जमिनीवर उतरली होती आणि वरच्या ओळीकडे सरकत होती. रोपं हिरवी दिसत होती, पण पहिल्या तासात सगळीच हिरवी दिसतात. जगली की गेली ते दुपारी कळतं. स्तोयनाने बादली पुन्हा नळीखाली धरली. त्रायानचं हसू कधीच ओसरलं होतं. तो स्वतःच्या नखांकडे बघत होता, त्यांतल्या कालच्या मातीकडे.

“स्तोयना,” तो अगदी हळू म्हणाला, “ती मी लावली. हो ना?”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“ऊन आलं,” ती म्हणाली. “पाणी बंद करू नकोस.”